संत्र्याची झाडे शेंड्याकडून का वाळतात?

श्रावण सरून भाद्रपद लागला की वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या तालुक्यांतील संत्र्याच्या बागा डोळ्यांत भरतात. झाडे पाण्याने धुऊन निघालेली असतात आणि हिरवी फळे फांद्यांना ओझे देऊ लागलेली असतात. अशा बागेतून चालत असता मधूनच एखादे झाड वेगळे दिसते. त्याची पाने शिरांपासून पिवळी पडलेली, शेंड्यांकडील काड्या उघड्या पडलेल्या, आणि कधीकधी बहराचा हंगाम नसताना त्यावर भरपूर फुले आलेली. ही अवेळी आलेली फुले पाहून नवखा बागाईतदार सुखावतो. अनुभवी माणूस मात्र थांबून झाडाच्या बुंध्याकडे पाहतो.

वाळलेल्या काड्यांना विदर्भात 'सल' म्हणतात. सल काढून टाकावी, वरून औषध फवारावे, थोडे खत घालावे, हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. झाड तात्पुरते सावरल्यासारखे दिसते. पुढल्या पावसाळ्यात सल आणखी खाली उतरते आणि दोन-तीन वर्षांत ते झाड सरपणाच्या मोळीत जाते. संत्र्याचे कलम लावल्यानंतर भरवशाचे उत्पन्न हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे झाड मरते तेव्हा एका हंगामाचे पीक जात नाही. कित्येक वर्षांची पाणीपट्टी, मजुरी, खत आणि त्यासाठी काढलेले कर्ज त्याच्याबरोबर जाते. हा रोग नेमका कोठे राहतो हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते; कारण तो दिसतो शेंड्यावर आणि असतो बहुधा पायाशी.

जुने पीक, जुने दुखणे

नागपुरी संत्रा मूळचा नागपूरचा नव्हे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी तो औरंगाबादेकडून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडून, आपल्या परसबागेत आणला असे मानले जाते. तेथून तो नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत पसरला. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यास 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' हे नाव पडले. १९८५ साली नागपूर येथे लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. २०१४ साली नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनही मिळाले.

या वैभवाच्या बरोबरीने बागांच्या ऱ्हासाची चर्चाही या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शेंडेमर हे एका रोगाचे नाव नाही, ते एक लक्षण आहे. जमिनीत चुनखडीचे प्रमाण जास्त असेल, जस्तासारख्या अन्नद्रव्याची उणीव असेल, साल खाणारी अळी खोडात शिरली असेल, किंवा विषाणू व जिवाणूंपासून होणारे रोग जडले असतील, तरीही झाड शेंड्याकडून वाळू शकते. अशक्त झाडाच्या काड्यांवर 'कोलेटोट्रिकम' नावाची बुरशी वाढते आणि वाळणे पुढे सरकवते. परंतु पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीतील बागांमध्ये सर्वांत आधी ज्याच्याकडे बोट जाते तो शत्रू मातीत राहतो. त्याचे नाव 'फायटोफ्थोरा'. मूळकूज, पायकूज, डिंक्या आणि फळकूज ही सारी त्याचीच निरनिराळी रूपे होत.

नावात दडलेला अर्थ

'फायटोफ्थोरा' या ग्रीक शब्दाचा अर्थच 'वनस्पतींचा नाश करणारा' असा आहे. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी १८७६ साली हे नाव दिले, ते बटाट्यावरील करप्याच्या संदर्भात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या मुळाशी हाच करपा होता. याच कुळातील दुसरी एक जात १९२२ साली सुमात्रा बेटावरील दालचिनीच्या झाडांवर आढळली, आणि तीच आज जगभरातील अव्होकॅडोच्या बागांत मुळे कुजवून झाडे शेंड्याकडून वाळवते. संत्र्यावर प्रामुख्याने 'निकोशियाना', 'पाल्मिव्होरा' आणि 'सिट्रोफ्थोरा' या जाती येतात. म्हणजे देश, पीक आणि जात वेगळी असली तरी मारण्याची रीत एकच आहे.

व्यवहारात हिला बुरशी म्हणतात आणि जुन्या पाठ्यपुस्तकांतही ती बुरशीतच मोजलेली आहे. शास्त्रीय दृष्ट्या मात्र ती खरी बुरशी नव्हे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिका कायटिनच्या असतात, तर हिच्या मुख्यत्वे सेल्युलोज व तत्सम पदार्थांच्या. तिचे नाते शेवाळवर्गाशी अधिक जवळचे आहे. हा वाद केवळ पंडितांचा आहे असे कोणास वाटेल, परंतु त्याचा परिणाम थेट बागाईतदाराच्या खिशावर होतो. कार्बेन्डाझिम हे सर्वत्र मिळणारे बुरशीनाशक खऱ्या बुरशींवर चालते. कोलेटोट्रिकमवर ते उपयोगी पडते, म्हणून सल काढल्यावर त्याची फवारणी करण्यास अर्थ आहे. फायटोफ्थोरावर मात्र त्याचा काहीएक परिणाम होत नाही. मुळे कुजत असलेल्या झाडाच्या आळ्यात हे औषध बादलीने ओतणारे बागाईतदार कमी नाहीत. त्यांचा खर्च आणि कष्ट दोन्ही मातीत जातात, आणि तेवढ्या काळात रोग पुढे सरकतो.

पोहणारा रोग

उन्हाळ्यात ही बुरशी जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने जमिनीत स्वस्थ पडून असते. यजमान मिळाला नाही तरी ती याप्रमाणे दीर्घकाळ टिकून राहते. पावसाळा सुरू होऊन माती भिजली की ती जागी होते आणि लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या तयार करते. जमीन पाण्याने पूर्ण भरली, मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवेऐवजी पाणी उभे राहिले, की या पिशव्या फुटून असंख्य चल बीजाणू बाहेर पडतात. या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते चक्क पोहतात. संत्र्याच्या कोवळ्या मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांकडे ते ओढले जातात, मुळास चिकटतात आणि आत शिरतात. साचलेल्या पाण्याने एक-दोन दिवस ठाण मांडले तरी हे सारे घडून येण्यास तेवढा वेळ पुरतो. विदर्भातील पावसाळा उबदारही असतो आणि ओलाही. अट्ठावीस-तीस अंशांच्या आसपासचे तापमान या जातींना फार मानवते.

संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या एक-दीड फुटातच पसरलेली असतात. ती कुजली की त्यांची साल ओली व मऊ होऊन चिमटीत सुटून येते आणि आतला पांढरा दोरा तेवढा हाती राहतो. झाडाची जेवणाची तोंडेच अशी बंद झाल्यावर सर्वांत लांबच्या टोकास पाणी व अन्न प्रथम कमी पडते. म्हणून पाने पिवळी पडून गळतात, फळे लहान राहून गळतात, आणि काड्या शेंड्याकडून वाळत खाली येतात. अवेळी आलेला बहर हे अशा संकटात सापडलेल्या झाडाचे शेवटचे धडपडणे असते.

रोग खोडावर चढला तर जमिनीलगतची साल काळपट व ओलसर दिसू लागते, तिला उभ्या भेगा पडतात आणि भेगांतून डिंक ओघळतो. पावसाने डिंक धुऊन जातो, म्हणून ऐन पावसात तो दिसेलच असे नाही. चाकूने साल किंचित खरवडली तर आतला भाग तपकिरी आढळतो. हा पट्टा खोडाभोवती पूर्ण फिरला की झाड वाचत नाही. खालच्या फांद्यांवरील फळांवर पावसाच्या थेंबांबरोबर माती उडते, तिच्याबरोबर बीजाणूही उडतात, आणि तपकिरी डाग पडून फळे सडतात.

तपासणी अवघड नाही. एखादीच फांदी वाळली असून खोडाची साल निरोगी आणि मुळे टणक असतील, तर दोष बहुधा वरच्या बुरशीचा किंवा किडीचा असतो. सारे झाड एकाच वेळी फिकट पडले असेल, तर झाडाच्या घेराच्या कडेला वीतभर खोल माती उकरून बारीक मुळे हातात घेऊन पाहावीत. प्रयोगशाळेत मातीची परीक्षा करण्याची रीतही मोठी कल्पक आहे. माती पाण्यात कालवून त्यावर संत्र्याच्या पानांचे तुकडे तरंगत ठेवतात. मातीत रोगबीज असेल तर चल बीजाणू पोहत येऊन पानाच्या कडांवर स्थिरावतात, आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती बुरशी ओळखता येते. माशासाठी गळाला आमिष लावावे तसाच हा प्रकार होय. ज्या माध्यमिक शाळांत सूक्ष्मदर्शक आहे, तेथील विज्ञानशिक्षकांनी तो विद्यार्थ्यांना करून दाखविण्याजोगा आहे.

कलमाबरोबर आलेली माती

हा रोग बागेत येतो कोठून? बऱ्याचदा तो बागाईतदाराने स्वतःच पैसे मोजून आणलेला असतो. वरूड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचे मोठे केंद्र आहे, आणि तेथील व आसपासच्या रोपवाटिकांतून दूरदूरच्या जिल्ह्यांत कलमे जातात. उघड्या जमिनीवर, त्याच वाफ्यांत वर्षानुवर्षे रोपे घेतली आणि भरपूर पाणी दिले की या बुरशीस याहून सुखाचे घर नाही. अशा वाफ्यातील कलम मातीच्या गड्ड्यासह उचलले जाते. बागाईतदार कलम विकत घेतो आणि त्याबरोबर मातीही घेतो. कलम हिरवे व तजेलदार असते. रोगाची लक्षणे बागेत चौथ्या-पाचव्या वर्षी दिसतात, तेव्हा रोपवाटिकेची आठवण कोणास राहत नाही.

रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राज्यात १९९० पासून सुरू झाला आणि फळझाडांखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. कलमांची मागणीही त्याबरोबर वाढली. मागणी वाढते तेव्हा 'किती कलमे मिळाली' हा प्रश्न 'कशी मिळाली' या प्रश्नावर मात करतो, हे मान्य केले पाहिजे. फळरोपवाटिकांसाठी परवाना आवश्यक करणारा कायदा राज्यात १९६९ पासून आहे. तरीही परवाना पाहून, पावती घेऊन कलम खरेदी करणारा ग्राहक आढळतो तो क्वचितच.

कलम निवडताना दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली म्हणजे खुंट. संत्र्याचा डोळा ज्या रोपावर बांधतात तो खुंट आपल्याकडे परंपरेने जंबेरीचा असतो. जंबेरीचे रोप लवकर वाढते, त्यामुळे रोपवाटिकाधारकास ते सोयीचे पडते, आणि बागही सुरुवातीस जोमदार दिसते. परंतु मूळकुजीपुढे जंबेरी दुबळी ठरते. रंगपूर लिंबाचा खुंट त्या मानाने पुष्कळ तग धरतो.

खुंटाची ही गोष्ट जुनी आहे. १८३० च्या दशकात अटलांटिक महासागरातील अझोर बेटांवर डिंक्याने संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर जगभर आंबट संत्र्याच्या खुंटावर कलमे बांधण्याची प्रथा रुजली, कारण त्यास पायकूज सहज लागत नसे. पुढे १९३० च्या दशकात 'ट्रिस्टेझा' या विषाणूने दक्षिण अमेरिकेतील नेमक्या याच खुंटावरील झाडे मोठ्या प्रमाणावर मारली. तेव्हा ब्राझीलने आश्रय घेतला तो बंगालच्या रंगपूरचे नाव धारण करणाऱ्या लिंबाचा. त्यालाही १९९९ साली तेथे 'अकस्मात मर' या नव्या रोगाने ग्रासले. यास्तव सर्व बाग एकाच खुंटावर उभी करणे हा शहाणपणा नव्हे, असे या अनुभवावरून दिसते. आपल्याकडील मूळकुजीचा विचार करता मात्र आज रंगपूर लिंबाचे पारडे जड आहे.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या उंचीची. संत्र्याचा भाग स्वतः या रोगास सहज बळी पडतो. म्हणून डोळा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर बांधलेला असावा, आणि लावतानाही तो मातीत किंवा मातीलगत जाऊ देऊ नये. कलम खोल लावले म्हणजे ते घट्ट बसते, अशी समजूत अजून टिकून आहे. पुढे आळ्यात माती चढवून तीच चूक पुन्हा केली जाते. निर्जंतुक केलेल्या मातीत, पिशवीत किंवा ट्रेमध्ये वाढविलेली कलमे आता मिळू लागली आहेत. ती महाग वाटतात. परंतु त्यांच्याबरोबर जुन्या वाफ्याची माती येत नाही.

पाणी अडविणे आणि पाणी काढणे

वरूड-मोर्शी भागात भूजल खोल गेले आहे आणि पाण्याच्या थेंबाथेंबास किंमत आहे. अशा ठिकाणी जादा पाण्याने झाड मरते असे सांगणे विचित्र वाटते खरे. पण दोन्ही गोष्टी एकाच बागेत घडतात. उन्हाळ्यात झाड ताणाने शिणते आणि पावसाळ्यात त्याच्या पायाशी तळे साचते. शिणलेल्या मुळांवर बुरशीचा हल्ला अधिक सोपा होतो.

पाटाने पाणी देताना ते एका आळ्यातून दुसऱ्यात गेले की रोगट झाडाचे बीजाणू निरोगी झाडाच्या दारी पोचतात. म्हणून दुहेरी आळ्याची पद्धत सांगितली जाते. खोडाभोवती आतले आळे मातीने उंच करून कोरडे ठेवावयाचे आणि पाणी बाहेरच्या आळ्यात, फांद्यांच्या घेराखाली द्यावयाचे. ठिबक संच असल्यास तोट्या खोडापासून दूर, मुळांच्या पसाऱ्यावर ठेवाव्यात. अनेक बागांत लहानपणी खोडाशी ठेवलेली तोटी झाड दहा वर्षांचे झाले तरी तेथेच ठिबकत असते.

भारी जमिनीत झाडांच्या दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर काढावा. तो ३० सेंटिमीटर खोल, तळाशी ३० आणि वरच्या बाजूस ४५ सेंटिमीटर रुंद असावा, अशी शिफारस आहे. येथे प्रश्न एकट्या बागाईतदाराचा राहत नाही. एकाच्या चराचे पाणी दुसऱ्याच्या धुऱ्याशी येऊन थांबते, दुसऱ्याने धुरा उंच केला की पहिल्याच्या बागेत तळे होते, आणि दोघांमधला ओहोळ गाळाने बुजलेला असतो. चर काढण्याचा सल्ला देणे सोपे. चराचे तोंड कोठे उघडावयाचे हे ठरविणे हे गावाचे काम आहे. मृगापूर्वी ओहोळांतील गाळ काढणे, धुऱ्यावरील वाद ग्रामसभेत मिटविणे, आणि शिवारातले पाणी कोणाच्याही बागेत न थांबता नाल्यास मिळेल असा मार्ग मोकळा ठेवणे, या गोष्टी पंचायतीच्या आवाक्यातील आहेत. फवारणीच्या औषधापेक्षा त्यांचा उपयोग अधिक काळ टिकतो.

औषधाची बाजू

बोर्डो मलम हा यावरील सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय. त्याचा जन्म गमतीचा आहे. फ्रान्समधील बोर्डो भागातील द्राक्षबागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळे मिश्रण शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. त्या वेलींवर केवडा रोग येत नाही हे मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले, आणि १८८५ मध्ये हे मिश्रण औषध म्हणून पुढे आले. केवड्याची बुरशीही फायटोफ्थोराच्याच गोतावळ्यातील.

मलमासाठी एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. मग दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावीत. भांडी प्लॅस्टिकची, लाकडी किंवा मातीची असावीत. तयार मलमात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. मलम त्याच दिवशी वापरावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत खोडास ते लावावे. खोडावर डिंक दिसत असल्यास आधी रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडून घ्यावी, जखम एक टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने धुवावी आणि मग मलम लावावे. खरवडलेली साल बागेत टाकू नये, जाळावी.

मुळे कुजू लागली असतील तर मेटालॅक्झिल व मँकोझेब यांचे संयुक्त औषध, किंवा फोसेटिल-एएल, लिटरमागे २.५ ग्रॅम या प्रमाणात उपयोगी पडते. फोसेटिल पानांवर फवारले तरी झाडातून खाली मुळांपर्यंत उतरते. मात्र ते मोरचुदाच्या औषधात मिसळू नये. मेटालॅक्झिल वारंवार वापरल्यास बुरशी त्यास सरावते, म्हणून औषधांत फेरपालट ठेवावी आणि वापरापूर्वी कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात द्यावी. परंतु तिच्या मागोमाग रासायनिक औषध ओतू नये. ज्या झाडाची निम्म्याहून अधिक मुळे गेली आहेत, त्यावर खर्च करीत राहण्यापेक्षा ते वेळीच काढलेले बरे, असा कठोर निर्णयही कधी घ्यावा लागतो.

झाड काढल्यावर पुष्कळ ठिकाणी त्याच खड्ड्यात, त्याच आठवड्यात, नवे कलम लावले जाते. ओळ तुटलेली दिसू नये एवढाच त्यामागे हेतू असतो. जुन्या मुळांचे तुकडे मात्र खड्ड्यात तसेच राहतात आणि बुरशीस घरबसल्या नवे अन्न मिळते. झाड काढताना मुळे शक्य तितकी वेचून जाळावीत आणि खड्डा उन्हाळाभर उघडा ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत खड्ड्यातील माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाखाली काही आठवडे तापू दिल्यास रोगबीज बरेच कमी होते. त्यानंतर पाऊस स्थिरावल्यावर, थोडा उंचवटा करून, रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलम डोळा वर राहील अशा बेताने तेथे लावावे.